सात-दहाच्या बसचा हिवाळा

आज सकाळी पडदा सारला तर समोरचं कुंपण दिसेना. कुंपणापलीकडचं कुरण नाही, त्यातल्या गाई नाहीत, रस्त्याकडेचं चर्च नाही. जून लागला की आमच्या या गावावर असं धुकं उतरतं आणि कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही. आपल्याकडे जून म्हणजे छत्र्या, इकडे जून म्हणजे हिवाळ्याचं तोंड. सात वर्षं झाली, तरी अंगाला ते अजून पटलेलं नाही.

धुक्यात दिसत नाही, पण ऐकू फार येतं. गाईचा खोकला ऐकू येतो. दुधाचा टँकर वळणावर गिअर बदलतो तेही ऐकू येतं. मी चहाचा कप धरून उभी होते आणि माझं मलाच कळलं की मी कान देऊन उभी आहे. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. काही आलं नाही. येणारही नव्हतं. बस बंद होऊन आता दोन हिवाळे झाले.

ही वही माझ्या मुलीने, सुजाताने, सामानाच्या याद्या करायला आणलेली आहे. पुढच्या पानांवर तूरडाळ, जिरं, कपड्यांचा साबण असं आहे. मी मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. कुणी वाचावं म्हणून नाही. तोंडाने बोलायचं राहून गेलं, ते हातातून तरी उतरावं म्हणून.

सुजाता शहरातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. जावई ख्राइस्टचर्चला बांधकामावर असतात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतात. शहरात घर परवडेना म्हणून आम्ही चाळीस मिनिटं दूर या गावात राहायला आलो. एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना गाव. पेट्रोल पंप, एक डेअरी, एक बेकरी, एक शाळा. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. पहिल्या दिवशी मी तिथे पातेलं घेऊन दूध आणायला निघाले होते, सुजाता हसून हसून खाली बसली होती.

गाव चांगलं होतं, पण गावातून बाहेर पडायला गाडीच लागायची. आणि गाडी सुजाता घेऊन जायची. मी दोनदा शिकायला बसले. दुसऱ्या वेळी समोरून टँकर आला तेव्हा मी दोन्ही हात सोडून डोळेच मिटले. शिकवणारी बाई चांगली होती. मीच पुन्हा गेले नाही. मग तीन वर्षं मी खिडकीत होते. कुणी मला कोंडलं नव्हतं. दार उघडंच असायचं. दारातून निघून जायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी चौथीत पहिली आले होते. पाचवी नदीपलीकडच्या गावात होती आणि नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात मुलं पाण्यातून पलीकडे जायची, पावसाळ्याचे चार महिने तेही नाही. मोठी मुलं पलीकडे कुणाच्या तरी घरी राहायची. मुलींना कोण ठेवणार? गुरुजी आमच्या घरी आले होते. ओसरीवर बसून म्हणाले, "पोरगी हुशार आहे. थांबवू नका."

वडील म्हणाले, "मी कुठं थांबवतोय गुरुजी? नदीला विचारा."

गुरुजी चहा पिऊन गेले. ते पुन्हा आले नाहीत आणि मी पुन्हा शाळेत गेले नाही. वडिलांचा राग मला कधी आला नाही. नदीचाही आला नाही. पुलाची एक पाटी मात्र तिथे माझ्या लहानपणापासून होती. मंजूर झालेलं काम, असं तिच्यावर लिहिलेलं. ती मला वाचता येत होती, तेवढं मी शिकले होते.

तर चौथ्या हिवाळ्यात इथे बस आली. शहर ते आमचं गाव, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दोन वर्षं चालवून बघायचं ठरवलं होतं. लोकांनी वापरली तर ठेवायची, नाहीतर नाही. सुजाताने मला कार्ड आणून दिलं. चढताना ते यंत्राला लावायचं, उतरताना पुन्हा लावायचं. यंत्र टुक् करतं. बस्स.

त्या बसमुळे मला काम मिळालं. शहरातल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, कपडे धुण्याच्या खोलीत. तिथे माझ्याकडे एक खास काम होतं. नवीन माणूस राहायला आलं की त्याच्या प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी शिवायची. स्वेटरला, मोज्याला, रुमालालासुद्धा. मी इंग्रजी अक्षरं त्या पट्ट्यांवरूनच पक्की केली. गरम इस्त्रीचा वास, बाहेर धुकं, आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी नाव. साठीला टेकल्यावर पहिल्यांदा मी कामावरून घरी येत होते. दारात चपला काढताना मुद्दाम "आले गं" असं मोठ्याने म्हणायचे. घरात कुणी नसलं तरी म्हणायचे.

बस टामा चालवायचा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माओरी माणूस, थंडीतही अर्धी चड्डी. "किया ओरा, आंटी! आज हवा गार आहे की तुम्ही?" असं काहीतरी दर सकाळी. मी नुसती मान हलवायचे. माझी जागा डाव्या बाजूची, खिडकीची. माझ्या शेजारी जॉइस बसायची. ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी, डोळ्यांच्या दवाखान्यात आणि लायब्ररीत जाणारी. मागे किरी, कडेवरचं मूल आईकडे ठेवून परिचारिकेच्या कामाचा कोर्स करणारी पोरगी. शाळेतली चार-पाच मोठी मुलं, पंपावरची दोघं, बेकरीवालीची बहीण. गाडी तापलेली असायची. काचांवर वाफ जमायची. जॉइस बोटाने काचेवर एक गोल पुसायची आणि मला म्हणायची, "बघ डिअर, काहीच नाही." आणि आम्ही दोघी त्या काहीच नाहीकडे बघत बसायचो. मला तेव्हा वाटायचं, आपल्याला इथे एक गाव आहे.

आता यंत्राचं सांगते.

एका सकाळी माझं कार्ड लागेना. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. माझ्या मागे सगळे थंडीत उभे, तोंडातून वाफा. माझे कान तापले. टामा म्हणाला, "राहू दे आंटी, स्वीट ॲज, चालतंय. बसा तुम्ही." मी बसले. दुसऱ्या दिवशी मी कार्ड काढायला पर्स उघडली तर तो म्हणाला, "अहो, चला चला, गारठाल." मी तशीच चढले. तिसऱ्या दिवशी पर्स उघडलीच नाही.

मला फुकट बसायचं नव्हतं, हे देवाशपथ. पण पुन्हा तो लाल दिवा आणि सगळ्यांचे डोळे नको होते. म्हणून मी आपल्या पद्धतीने वाट काढली. दर शुक्रवारी टामासाठी डबा. तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, कधी बेसनाचे लाडू. डबा दिला की माझ्या मनाला वाटायचं, झालं, आता आपण मिंधे नाही. तो डबा धुऊन सोमवारी परत द्यायचा आणि त्यात कधी त्याच्या घरची लिंबं असायची, कधी फेजोआची हिरवी फळं.

जॉइस तर कार्ड लावायचीच नाही. म्हाताऱ्यांना फुकटच असतं. "मग त्या यंत्राला कशाला त्रास द्यायचा?" म्हणायची. किरीला टामा लांबचा मामा लागायचा. शाळेच्या मुलांना तो धक्के देऊन आत ढकलायचा, "उशीर होतोय, चला!" गाडी भरलेली असायची आणि टुक् असा आवाज एखाद-दोनदा व्हायचा. आम्हाला ते किती बरं वाटायचं. यंत्र शहरातल्या लोकांसाठी, आमचं आपसातलं, असं.

दोन वर्षं भरत आली तेव्हा काउन्सिलची पत्रकं आली. बस ठेवायची की नाही, त्यावर सभा. गावच्या हॉलमध्ये, संध्याकाळी साडेपाचला. सुजाताची त्या दिवशी सुट्टी होती, ती माझ्याबरोबर आली. हॉलमध्ये हीटर होता पण खुर्च्या लोखंडी होत्या. चहा आणि बेकरीचे केकचे तुकडे ठेवले होते. टामा मागच्या भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात.

काउन्सिलची बाई तरुण होती, नीट बोलणारी. तिने भिंतीवर रंगीत उभे पट्टे दाखवले. "एका फेरीत सरासरी किती लोक चढले, ते हे," असं म्हणाली. पट्टे बोटाएवढे होते.

हॉलमध्ये कुजबुज झाली. जॉइस काठी टेकत उठली. "पण डिअर, बस तर भरलेली असते. मला पिशवी मांडीवर घ्यावी लागते."

"मला कळतंय," ती बाई म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत असावं. "पण यंत्र तसं सांगत नाही. यंत्र सांगतं तेवढंच मला पुढे नेता येतं."

"मग यंत्रालाच बस चालवू दे!" पंपावरचा एकजण मागून ओरडला. लोक हसले. टामा हसला नाही. तो खाली फरशीकडे बघत होता, आणि त्या क्षणी मला कळलं. मला वाटतं, बसमधल्या सगळ्यांनाच एकदम कळलं, कारण हसणं मध्येच तुटलं.

सुजाता माझ्या कानाशी आली. "आई, हे असं कसं? तू तर म्हणतेस बस भरलेली असते."

"असते."

"मग बोल ना. तू मराठीत सांग, मी त्यांना इंग्लिशमध्ये सांगते."

"काय सांगू?"

"अगं, जे आहे ते."

जे आहे ते सांगायचं म्हणजे आम्ही कार्ड लावत नव्हतो, हे सांगायचं. मग विचारणार, ड्रायव्हर काय करत होता? तिथे भिंतीशी उभा होता तो. दोन लहान मुली होत्या त्याला. सांगितलं तर कदाचित बस राहिली असती, आणि त्याची नोकरी नक्की गेली असती. नाही सांगितलं तर बसच गेली असती. मी माझ्या हातांकडे बघितलं. मान वर केली तेव्हा टामा माझ्याकडेच बघत होता. मी नजर काढून घेतली आणि सुजाताला म्हटलं, "मला नाही जमायचं, राहू दे."

ती रागावली नाही. "तुझं नेहमीचंच," एवढंच म्हणाली. मी लाजाळू आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते माझ्या फार सोयीचं झालं.

आणि त्या भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघता बघता मला माझी आई आठवत होती. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर आमच्या नदीवर पूल झाला आणि एस.टी. गावापर्यंत यायला लागली. डेपोवाल्यांनी आधीच सांगितलं होतं की तिकिटं खपली नाहीत तर गाडी बंद. तेव्हा गावाने पाळी लावली. रोज दोन घरांतून एकेका माणसाने काम असो-नसो तालुक्याला जाऊन यायचं, तिकीट काढून. आमच्या घरातून आईच जायची. कंडक्टर विचारायचा, "आजी, कुठं?"

"कुठं नाही. तिकीट दे."

पहिले काही आठवडे ती स्टँडवर बाकावर बसून राहायची आणि त्याच गाडीने परत यायची. मग एकदा अंडी घेऊन गेली. मग शेजारणींची अंडी घेऊन जायला लागली. डोळे तपासून आली. मग माझ्या भावाच्या मुलीला त्याच गाडीतून पाचवीला पाठवलं, आणि ती आज तालुक्यात औषधांचं दुकान चालवते. पूल झाला त्या वर्षी गावात काहीच बदललेलं दिसलं नव्हतं. लोक म्हणायचे, एवढा खर्च केला त्यापेक्षा देवळाला कळस केला असता. पुलावर घातलेलं फार उशिरा दिसतं, ते दुसऱ्याच रूपात दिसतं आणि तेव्हा पूल कुणाच्या लक्षातही नसतो.

हे सगळं मला माहीत होतं. हॉलमधल्या कुणालाही माहीत नव्हतं असं एक मला माहीत होतं, की गाडी गावात टिकवायला गावाला काय करावं लागतं. माझी अडाणी आई जे करायची, ते मला सात-दहाच्या बसमध्ये दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी लाडू नेत राहिले.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी बस शेवटची आली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी कार्डं लावली. कुणी ठरवलं नव्हतं. जॉइसनेसुद्धा पर्समधून शोधून काढलं. टुक्, टुक्, टुक्, असा आवाज गाडीभर होत राहिला आणि टामा समोरच्या काचेकडे बघत बसला. माझ्या हातात डबा होता. तो मी त्याच्या सीटमागे ठेवला.

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून कुणाला ओरडायला जागा नाही. सुजाताच्या ड्युटीच्या वेळा बदलत्या. माझं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं, मग एक, मग त्यांनी दुसरी बाई ठेवली. त्यांचं काही चुकलं नाही. किरीने कोर्स सोडला. शाळेतली मोठी मुलं शहरात नातेवाइकांकडे राहायला गेली, आणि पोरं गेली की मागून आईबापही जातात. बेकरी आधी सोमवारी बंद राहायला लागली, मग मंगळवारीही. आमच्या शेजारचं घर बघायला एक जोडपं आलं होतं, त्या बाईने मला कुंपणावरून विचारलं, "इथून बस आहे का?" मी म्हटलं, "नाही." ती "ओह" म्हणाली. घर अजून रिकामं आहे. त्याच्या पत्र्याच्या पन्हळीत गवत उगवलंय.

जॉइसला तिची मुलगी ऑकलंडच्या हेन्डरसन भागात घेऊन गेली. तिथल्या रेस्ट होममध्ये. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. तिच्या पलंगावर सगळे कपडे काढून ठेवलेले. म्हणाली, "तिथे नावाच्या पट्ट्या लागतात म्हणे. तूच लाव, डिअर. तुझा टाका बारीक आहे." मी दुपारभर बसून लावल्या. ती खुर्चीत बसून बाहेर बघत होती. बाहेर स्वच्छ ऊन होतं, सगळं दिसत होतं.

सुजाताला मी खरं सांगितलं ते त्या रात्री जेवताना. तिने घास खाली ठेवला. "आई, तुम्ही सगळ्यांनी मिळून…" म्हणाली आणि तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "पण त्यांनीही एकदा येऊन बसून बघायला हवं होतं ना बसमध्ये. नुसतं यंत्र काय बघतात?" हे तिने माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं. खरंही आहे ते. पण त्याने मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

मी विचार करते, माणसाचं नशीब म्हणतात त्यात रस्त्याचा वाटा किती असेल? माझं शिक्षण नदीने ठरवलं. माझं काम एका बसने दिलं आणि तिने नेलं. आम्ही हुशार होतो की नाही, कष्टाळू होतो की नाही, हे नंतरचं. आधी पोचता यायला हवं. शहरात माणसं कमी पडतात म्हणून ओरड असते आणि चाळीस मिनिटांवर आम्ही खिडकीत बसलेलो असतो. मधला तेवढा रस्ता कुणी आपला मानत नाही.

गेल्या शनिवारी सुजाता मला शहरातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेली होती. आता आठवड्यातून एकदा तेवढंच. मी बटाटे निवडत होते. मागून आवाज आला, "आंटी?"

टामा होता. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला बस चालवतो, म्हणाला. मुली आणि बायको इथेच, तिच्या आईकडे. तो दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता.

"तिकडे बस कशा आहेत?" मी विचारलं. इतकी वर्षं त्याच्याशी मी एवढं लांब वाक्य कधी बोलले नव्हते.

"गच्च," तो म्हणाला. "आणि सगळे कार्ड टॅग करतात. मी बघतो. न लावता कुणी पुढे गेलं तर हाक मारतो. लोक मला खडूस म्हणतात." हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "आंटी, त्या सभेत तुम्ही काही बोलला नाहीत. थँक यू. मला म्हणायचं राहिलं होतं."

माझ्या हातात बटाटा होता. तो मी खाली ठेवला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मी स्वतःच बोलणार होतो. हात वर करणारच होतो. माझी चूक आहे, बस ठेवा, मला काढा, असं. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान खाली घातलीत. जॉइसने घातली, किरीने घातली. म्हटलं, ही सगळी माणसं माझ्यासाठी बस सोडून देतायत. मग मला बोलवेना."

मला त्याला सांगायचं होतं की, अरे बाबा, बोलायचं होतंस. आम्ही तुझ्याकडे बघत होतो आणि तू आमच्याकडे. मला सांगायचं होतं की तू मला थँक यू म्हणू नकोस. वाक्य माझ्या मनात मराठीत पूर्ण तयार होतं, आणि मी त्याचे इंग्रजी शब्द एकेक करून गोळा करत होते. पहिला शब्द ओठांवर आलासुद्धा होता.

तेवढ्यात सुजाता गाडा ढकलत आली. "आई, चल लवकर, मला तीनची ड्युटी आहे, आधी तुला सोडायचंय."

टामा म्हणाला, "जा आंटी, जा."

आणि मी गेले. आमच्या गावी जायला दुसरं काहीच नव्हतं.